मालिका बघणाऱ्यांच्या बाजूने

मराठी सुशिक्षित घरांत टीव्हीवरच्या मालिकांबद्दल एक मत इतकं रुळलं आहे की ते मांडणाऱ्याकडे कुणी पुरावा मागत नाही. मालिका सगळ्या सारख्याच, रडक्या आणि पाणी घालून वाढवलेल्या. एकीची नक्कल दुसरी करते. दूरदर्शनचा जमाना होता तेव्हा काय एकेक दर्जेदार गोष्टी होत्या! आणि रोज हे बघत बसणाऱ्या बायकांना दुसरं काही सुचत नाही. हे मत मी पुण्यात ऐकलं आहे, ठाण्यात ऐकलं आहे, आणि संक्रांतीला म्हैसूरमध्ये माझ्याच घरी ऐकलं. माझा मावसभाऊ सुट्टीला आला होता. एक संध्याकाळ त्याने आमच्याकडे कन्नड वाहिन्या बघितल्या. कन्नड त्याला येत नाही. तरी पानावर बसल्या बसल्या त्याने निकाल दिला, ‘ताई, तुमच्याकडेही तेच गं. भाषा तेवढी वेगळी. बाकी सगळं आपल्याकडून उचललेलं. आणि ह्याच गावात एके काळी “मालगुडी डेज” झालं!’

भावाशी माझं वैर नाही. तो वाचणारा, नाटकं बघणारा, भैरप्पांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णींच्या अनुवादांतून आवडीने वाचलेला माणूस आहे. म्हणूनच त्याचं मत खोडून काढणं मला गरजेचं वाटतं. एखाद्या अडाण्याने ते मांडलं असतं तर मी सोडून दिलं असतं. जाणती माणसं पुस्तकाबद्दल दोन पानं चाळून बोलत नाहीत, नाटकाबद्दल पहिला अंक अर्धा बघून बोलत नाहीत. मालिकेबद्दल मात्र एक संध्याकाळ त्यांना पुरते.

आधी ‘ह्याच गावात’ म्हणाला ते बघू. आर. के. नारायण म्हैसूरचे, हे खरं. यादवगिरीतलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे आणि म्हैसूरला येणाऱ्या माणसाने ते बघावं. पण मालिका इथे झाली नाही. शंकर नाग यांनी तिचं चित्रीकरण शिवमोग्गा जिल्ह्यात, आगुंबेच्या पावसाळी डोंगरात केलं. १९८६ साली ती दूरदर्शनवर आली. शंकर नाग यांच्या काळात तिचे ३९ भाग झाले. निर्माते टी. एस. नरसिंहन, रेखाटनं नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची, स्वामीच्या भूमिकेत मास्टर मंजुनाथ आणि त्याच्या वडिलांच्या भूमिकेत गिरीश कार्नाड. खुद्द शंकर नाग मुंबईच्या रंगभूमीवर, मराठी नाटकवाल्यांच्या संगतीत तयार झालेले. पटवर्धन दांपत्याच्या ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा वाटा होता. ही मालिका मलाही प्राणप्रिय आहे. तिच्या मोठेपणाबद्दल वाद नाही.

वाद आहे तो तिच्याकडे बोट दाखवून आजच्या प्रेक्षकाला हिणवण्याबद्दल. म्हैसूरच्या लेखकाने उभं केलेलं हे जग म्हैसूरच्या घरांत कोणत्या भाषेत आलं? हिंदीत. काही भाग इंग्रजीतही झाले. १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम रोज रात्री देशभर मुख्यतः हिंदीत जात होता, आणि ज्या गावच्या वाऱ्यापाण्यावर ‘मालगुडी’ वाढलं त्या गावातल्या हिंदी न येणाऱ्या आज्या चित्रं बघून अंदाज बांधत होत्या. माझ्या शेजारच्या अज्जींनी मला हे स्वतः सांगितलं आहे. स्वामी रडतो आहे एवढं त्यांना कळायचं, का रडतो ते नातवाला विचारावं लागायचं. नातू शाळेत हिंदी शिकत होता. पुढे २०२० साली, टाळेबंदीत, ही मालिका कन्नडमध्ये आली ती झी कन्नडवर. म्हणजे ज्या खाजगी वाहिन्यांना माझ्या भावाने एका घासात निकालात काढलं, त्यांच्यापैकीच एकीने स्वामीला त्याच्या आजीच्या भाषेत बोलतं केलं. मधे चौतीस वर्षं गेली. ‘तो जमाना’ म्हणताना तो कुणाचा होता आणि कुणाचा नव्हता, हे विचारायला नको का?

त्या जमान्याबद्दल म्हैसूरला आणखी एक गोष्ट माहीत आहे, आणि ती पुण्या-मुंबईच्या आठवणींत सहसा येत नाही. ८ फेब्रुवारी १९८९ च्या रात्री इथल्या हुणसूर रस्त्यावरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या दूरदर्शनसाठीच्या मालिकेचं चित्रीकरण चालू होतं. सेटला आग लागली. ६२ माणसं गेली. मुख्य भूमिका करणारे संजय खान मरणाच्या दारातून परतले. कितीतरी महिने ते इस्पितळात होते. कारणं म्हणून तेव्हा ज्या गोष्टी पुढे आल्या त्या ऐकून आजही पोटात गोळा येतो. वायरिंग सैल, हवा खेळायला झरोके नाहीत, भिंतींना गोणपाट, आणि वरून प्रचंड दिव्यांचा ताव. पुढच्या वर्षी, १९९० मध्ये, मालिका दाखवली गेली. तिच्यातला टिपू खरा की खोटा यावर देशभर रणं माजली, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्या ६२ जणांबद्दल किती बोललं गेलं? आमच्या इथली साठी-सत्तरीची माणसं त्या रस्त्यावरून जाताना अजून जागा दाखवतात. आज सेटवर राबणाऱ्यांची स्थिती उत्तम आहे असा माझा दावा नाही. चौदा-चौदा तास उभ्याने काम करणाऱ्या तंत्रज्ञांचे हाल आजही आहेत. पण ‘सुवर्णकाळ’ हा शब्द वापरणाऱ्याने त्या सोन्यासाठी कोण जळलं, हे एकदा आठवावं, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आणि तुलना तरी कशाची कशाशी चालली आहे? दूरदर्शन तेरा-तेरा भागांच्या हिशेबाने मालिका मंजूर करायचं. आठवड्याला एक भाग धरला तर ३९ भागांना नऊ महिने लागतात. आजची रोजची मालिका आठवड्याला सहा भाग देते. ३९ भाग ती साडेसहा आठवड्यांत उरकते आणि पुढे दोन-तीन वर्षं चालत राहते. हे दोन वेगळे प्रकार आहेत. रोजच्या वरणभाताला लग्नाच्या पंगतीचं माप लावून ‘जमलं नाही’ म्हणण्यात काय अर्थ आहे? शिवाय आठवणीने चाळणी लावलेली असते. १९८६ च्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी दूरदर्शनवर जे जे दाखवलं गेलं, ते सगळं आज कुणाला आठवतं? जे उत्तम होतं तेवढं उरलं. माझ्या भावाने जुन्यातलं निवडक घेतलं आणि आजचा कुठलाही एक मंगळवार समोर ठेवला.

आता संथपणाचा आरोप. ‘एका वाक्यावर तीन-तीनदा चेहरे दाखवतात, ढॅणढॅण संगीत वाजवतात, अर्ध्या तासात गोष्ट बोटभर सरकत नाही.’ खरं आहे, असंच असतं. पण का असतं? उत्तर शोधायचं तर त्याच संध्याकाळी, त्याच वेळी, भिंतीपलीकडे अज्जींच्या घरात काय चाललं होतं ते बघायला हवं. संक्रांत दोन दिवसांवर होती. म्हैसूरकडे तेव्हा घरोघरी एळ्ळु-बेल्ल करतात. भाजलेले तीळ, शेंगदाणे, डाळं, आणि खोबऱ्याचे नि गुळाचे बारीक तुकडे. हे तुकडे बाजारात तयार मिळतात, पण अज्जींच्या घरी ते चालत नाहीत. खोबऱ्याच्या वाटीची तपकिरी पाठ आधी खरवडायची, मग पातळ काप, मग कापाच्या काड्या, मग काड्यांचे तांदळाहून थोडे मोठे तुकडे. गूळ अडकित्त्याने. अज्जी जमिनीवर मोठं ताट घेऊन बसलेल्या, सून पाटावर सुरी चालवते आहे, नजर ताटात, कान टीव्हीकडे. गुळाचा तुकडा अडकित्त्यात धरताना मान वर केली तर बोट कापेल. मालिकेतल्या सासूने काही बोलून झालं, संगीत चढलं, की दोघी मान वर करतात. तोवर पडद्यावर चेहरे असतात. कुणाच्या तोंडचं पाणी पळालं, कुणाला आनंद झाला, ते बघून पुन्हा माना खाली.

ते तीन-तीनदा दिसणारे चेहरे या दोघींसाठी आहेत. स्वयंपाकघरातून हात पुसत येणाऱ्या बाईला गोष्टीचा धागा सापडावा म्हणून ते संगीत आहे. मालिका निम्मी ऐकायची असते. तिचं मूळच रेडिओत आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत साबण कंपन्यांनी दुपारी घरकाम करणाऱ्या बायकांसाठी रेडिओवर रोजच्या कथा चालू केल्या, तिथून हा प्रकार निघाला. त्याच दशकात, १९३५ साली, म्हैसूरच्या ओंटिकोप्पलमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरात तीस वॅटचं प्रक्षेपक यंत्र बसवून रेडिओ केंद्र चालू केलं आणि त्याला ‘आकाशवाणी’ म्हटलं. पुढे सगळ्या देशाच्या रेडिओने तेच नाव घेतलं. हाताने काम आणि कानाने गोष्ट, ही सवय या गावच्या घरांना नव्वद वर्षांची आहे. माझा भाऊ दोन तास रिकाम्या हाताने सोफ्यावर बसून, न कळणाऱ्या भाषेतले चेहरे बघत होता. त्याला ते संथ वाटलं यात नवल नाही. पण ते त्याच्यासाठी बांधलेलंच नव्हतं.

‘आपल्याकडून उचललेलं’ या वाक्याने मला जास्त वाईट वाटलं, कारण त्यात मराठीचा अभिमान आहे आणि तो चुकीच्या जागी आहे. झी मराठीवर २०१८-१९ मध्ये सुबोध भावे आणि गायत्री दातार यांची ‘तुला पाहते रे’ गाजली. २०१९ मध्येच झी कन्नडवर तिचं कन्नड रूप आलं, ‘जोते जोतेयली’. म्हैसूरशी अतूट नातं असलेल्या विष्णुवर्धन यांचे जावई अनिरुद्ध जतकर त्यात नायक. मराठी मालिका जितकी चालली त्याच्या कितीतरी पट, चांगली तीनेक वर्षं, ती चालली. २०२२ मध्ये नायकाचा नट बदलला तेव्हा आमच्या आळीत घरात भांडणं व्हावीत तशी चर्चा झाली.

हे उचलणं नव्हे, रीतसर हक्क घेऊन केलेलं रूपांतर आहे, हे तर झालंच. पण कन्नडमध्ये रूपांतरं इतकी का, याला इतिहास आहे. साठच्या दशकापासून कर्नाटकात परभाषेतले चित्रपट कन्नडमध्ये डब करण्याला कडवा विरोध होता. डॉ. राजकुमारांसारखे नट, अ. न. कृष्णरावांसारखे लेखक त्या चळवळीत होते. म्हणणं असं की तयार हिंदी-तमिळ चित्रावर कन्नड आवाज चिकटवला की इथला नट, इथला लेखक, इथला सुतार आणि रंगारी उपाशी मरेल. ही अलिखित बंदी टीव्हीलाही लागू होती. २०१२ मध्ये ‘सत्यमेव जयते’ कन्नडमध्ये तयार असूनही इथल्या वाहिन्यांवर दाखवता आलं नाही. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ही बंदी बेकायदा ठरवून संबंधित संघटनांना दंड केला, आणि २०२० च्या टाळेबंदीत, नवं चित्रीकरण थांबल्यावर, ‘महाभारत’ कन्नड बोलायला लागलं. त्या बंदीने अज्जींसारख्यांना बऱ्याच चांगल्या गोष्टींपासून दूर ठेवलं, असं माझं मत आहे. पण तिच्यामुळेच परकी गोष्ट कन्नडमध्ये आणायची तर ती कन्नड माणसांनी, कन्नड घरात, नव्याने उभी करायची, ही शिस्त इथे लागली. ‘तुला पाहते रे’ नुसती डब झाली असती तर किती जणांना काम मिळालं असतं?

आणि मराठी माणसाने तरी ‘आपलं’ म्हणताना जपून बोलावं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ बघून, त्याहून सरस काही करून दाखवा या चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून. ज्या नाटकाचा आपल्याला एवढा अभिमान, त्याचा पहिला धक्का कानडी मुलखातून आला. पुढे मराठी नाटक मंडळ्यांनी कर्नाटकात दौरे केले आणि कन्नड कंपनी नाटकांनी त्यांच्याकडून घेतलं. कार्नाड मराठीत आले, तेंडुलकर कन्नडमध्ये गेले. आजही वाहतूक दुतर्फा आहे. २०२४ च्या सुरुवातीला झी कन्नडवर ‘लक्ष्मी निवास’ चालू झाली आणि वर्षअखेरीला त्याच नावाने झी मराठीवर आली. त्या वेळी पुण्यात कुणी ‘आपण कानड्यांचं उचललं’ म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

कन्नड मालिका म्हणजे सगळं एकाच साच्यातलं, हेही बघितलेल्या माणसाने म्हणायचं नाही. टी. एन. सीताराम यांनी ‘मायामृग’पासून ‘मुक्ता’पर्यंत कोर्ट, शेती, राजकारण, बाईच्या नोकरीचे प्रश्न मालिकेत आणले आणि घराघरांतून ते बघितले गेले. भैरप्पांच्या ‘गृहभंग’वर गिरीश कासारवळ्ळींनी मालिका केली, मालविका अविनाश यांची नंजम्मा बघून अज्जी म्हणाल्या होत्या, ही माझी आईच. भैरप्पांवर जीव टाकणाऱ्या माझ्या भावाला ही मालिका आहे हेच ठाऊक नव्हतं. ठाऊक नसण्यात दोष नाही. पण न बघितलेल्या गोष्टीबद्दल सरसकट निकाल देण्यात आहे.

आता शेवटचा आरोप, आणि माझ्या मते सगळ्यांत अन्यायाचा. बघणाऱ्या बायकांना काही कळत नाही. १९८४ मध्ये ‘हम लोग’ चालू होतं तेव्हा भागाच्या शेवटी दोन शब्द बोलणाऱ्या अशोककुमारांना लाखोंनी पत्रं आली. लोक पात्रांशी भांडत होते, सल्ले देत होते, लग्नं ठरवत होते. बघणारा प्रेक्षक कधीच मुका नव्हता. अज्जींची मतं मी वर्षानुवर्षं ऐकते आहे, आणि त्यातली काही इथे मांडते. नायिका मोठ्या कंपनीत अधिकारी आहे म्हणतात, पण ती टेबलाशी बसून काम करताना एकदाही दिसत नाही. घरात बारा माणसं जेवतात, भांडी कोण घासतं? एवढ्या मोठ्या वाड्यात कुणी आजारी पडलं की डॉक्टर येतो, पण बिल कुणी देत नाही. नवऱ्याने हात उगारला, तिसऱ्या दिवशी तिने माफ केलं, आणि लेखकाला वाटतं आम्ही विसरलो. अमुक पात्र परगावी पाठवलं, म्हणजे त्या नटाला चित्रपट मिळाला. ‘बंगारदंता कथे हाळागोय्तु’, सोन्यासारखी गोष्ट वाया गेली, असं त्या ज्या दिवशी म्हणतात त्यानंतर काही आठवड्यांत त्या मालिकेची वेळ बदलते, हेही मी बघितलं आहे.

यातलं एकेक वाक्य ‘सगळ्या मालिका टुकार’ या वाक्याहून कितीतरी जास्त टीका करतं. हात उगारणाऱ्या नवऱ्याबद्दलचा अज्जींचा राग मला माझ्या भावाच्या तुच्छतेपेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्या रागाला भाग माहीत आहे, प्रसंग माहीत आहे, लेखकाने कुठे लबाडी केली ते माहीत आहे. आजच्या मालिकांत दोष आहेत, भरपूर आहेत. बाईने सोसावं ही शिकवण, श्रीमंतीचं ओंगळ दर्शन, अंधश्रद्धेला दिलेलं गोंजारणं हे सगळं मलाही खुपतं. पण दोष सुधारतील ते रोज बघणाऱ्याने नाव घेऊन, भाग सांगून बोट ठेवल्याने. लांबून नाक मुरडणाऱ्याकडे कुठलाही लेखक, कुठलीही वाहिनी लक्ष देणार नाही, आणि देऊही नये.

मराठीत हे बोट ठेवण्याची सोयच आपण ठेवलेली नाही. आपल्या वर्तमानपत्रांत नाटकाचं परीक्षण येतं, चित्रपटाचं येतं, पुस्तकाचं येतं. पन्नास प्रयोग होऊन बंद पडणाऱ्या नाटकावर जाणकार समीक्षक दीड हजार शब्द लिहितात आणि ते योग्यच आहे. पण लाखो घरांत वर्षानुवर्षं रोज शिरणाऱ्या मालिकेवर काय छापून येतं? कुणाच्या आयुष्यात कोणतं वळण येणार, कुणाचा साखरपुडा झाला, कुणी कोणती साडी नेसली. म्हणजे वाहिनीने पाठवलेलं. ज्या गोष्टीला समीक्षकच नाही, ती सुधारली नाही म्हणून प्रेक्षकाला दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

म्हणून मराठी संपादकांना माझी विनंती आहे. आठवड्याला अर्धा रकाना मालिकांच्या परीक्षणाला द्या. लिहिणाऱ्याने ती मालिका निदान महिनाभर सलग बघितलेली असावी, एवढी एकच अट घाला. आणि लिहिणारे शोधायला विद्यापीठात जाऊ नका. संध्याकाळी सातनंतर कुठल्याही आळीत, हातात काम आणि कान टीव्हीकडे असलेल्या बायका बसलेल्या आहेत. त्यांना विचारा आणि त्या सांगतील ते त्यांच्या नावानिशी छापा.